आगगाडीने आलेला समुद्र

गिरगावात वाढलेल्या माणसाला मत्स्यालयाचे फारसे अप्रूप नसते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि त्याच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर साक्षात अरबी समुद्र. आमची आजी काचेपलीकडच्या माशांकडे ज्या नजरेने पाही ती नजर प्राणिशास्त्राची नव्हती. याचे कालवण चांगले होते, त्याला काटे फार, हा तळलेलाच बरा, असा तिचा अभिप्राय चालू असे. त्यामुळे २००८ च्या जानेवारीत शिकागोतील यजमानांनी ‘शेड अ‍ॅक्वेरियम पाहिल्याशिवाय जायचे नाही’ असा आग्रह धरला, तेव्हा आम्ही केवळ भिडेखातर निघालो. समुद्राकाठच्या माणसाला भरखंडातल्या शहराने मासे काय दाखवायचे, असा थोडा गर्वही मनात होता.

त्या दिवशी मिशिगन सरोवराच्या कडेला बर्फ साचले होते. सरोवर क्षितिजापर्यंत पसरलेले, लाटा समुद्रासारख्याच, पण नाकाला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. मग ध्यानात आले की खारा वास नाही. पाणी गोडे. काठावर पांढऱ्या संगमरवराची, ग्रीक देवळाच्या धाटणीची अष्टकोनी इमारत. या देवळात जो देव बसवला आहे तो तिथला नव्हेच, तो आगगाडीने आणलेला आहे, हे आम्हांला आत गेल्यावर कळले.

जॉन शेड हा न्यू हॅम्पशायरमधल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. १८७१ च्या महाआगीने शिकागो जळाले आणि पुढच्याच वर्षी हा तिथे येऊन फील्ड व लायटर यांच्या दुकानात माल सांभाळणारा कारकून झाला. १९०६ मध्ये मार्शल फील्ड वारल्यावर त्याच पेढीचा तो अध्यक्ष झाला. शहराला मत्स्यालय असावे म्हणून त्याने तीस लाख डॉलर दिले, मात्र ते पाहायला तो राहिला नाही. १९२६ मध्ये त्याचे निधन झाले. इमारत लोकांसाठी उघडली ती १९२९ च्या डिसेंबरात, म्हणजे शेअरबाजार कोसळल्यानंतर दोनच महिन्यांनी, आणि तीही माशांवाचून. कारण मासे ठेवायचे तर पाणी हवे, आणि समुद्र शेकडो मैल दूर.

हे पाणी कसे आणले तो प्रकार मोठा विलक्षण आहे. फ्लॉरिडाच्या टोकावरील की वेस्ट बेटापासून वीस टाकीडब्यांच्या गाडीने आठ खेपा केल्या आणि सुमारे दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ अडतीस लाख लिटर समुद्र शिकागोत आणून ओतला. बेटाबेटांना पुलांनी जोडणारा तो लोहमार्ग रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅग्लर याने १९१२ मध्ये पुरा केला होता. त्याच समुद्राने १९३५ च्या सप्टेंबरात चक्रीवादळाच्या रूपाने येऊन तो मोडून टाकला. पुन्हा तो बांधला गेला नाही, त्याच्या पुलांवरून पुढे मोटाररस्ता गेला. पाणी येऊन पोहोचले होते म्हणून बरे. १९३० पासून मासे आणायलाही एक खास डबा बांधून घेतलेला होता, नाव ‘नॉटिलस’. त्यात गरम-थंड पाण्याच्या टाक्या होत्या आणि माशांसोबत प्रवास करणाऱ्या माणसांची झोपायची सोय.

एवढा खटाटोप करायचे कारण काय, हा प्रश्न आम्हांला दिवसभर छळत राहिला. इंग्लंडमध्ये फिलिप गॉस याने १८५४ मध्येच क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार केले होते. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ करणाऱ्या पुस्तकाचे वर्षही तेच. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले होते. पण गॉसच्या पुस्तकांनी मध्यमवर्गाला असे वेड लावले की लोक घराघरांतल्या काचपेट्या भरण्यासाठी किनाऱ्यावरच्या खडकांतील डबकी उपसू लागले. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्या ओरबाडलेल्या किनाऱ्याची खंत केली आहे, आणि वडिलांना त्याचे दुःख झाले होते हेही नोंदवले आहे. प्रेमाने दाखवून दिलेली जागा प्रेम करणाऱ्यांनीच उजाड करावी, असे ते प्रकरण. त्याच्या तुलनेत न्यूयॉर्कचा बार्नम सरळ होता. त्याने १८६१ मध्ये पांढरे बेलुगा देवमासे आणून तळघरात ठेवले, ते मेले की नवे आणले, आणि १८६५ च्या आगीत शेवटची जोडी संपली. त्याला फक्त तिकीट खपवायचे होते.

शेडमध्येही बेलुगा आहेत. १९९१ च्या नव्या दालनात मोठी काचेची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे सरोवर. त्यामुळे त्यांचे कुंड सरोवरातच मिसळून गेल्याचा भास होतो. भास सुंदर आहे हे कबूल करावे लागते. पुढच्याच वर्षी कृमींवरचे औषध दिल्यावर दोन बेलुगा काही मिनिटांत दगावले होते, हे ठाऊक असलेला माणूस त्या काचेपुढे फार वेळ उभा राहू शकत नाही. आम्ही तिथून लवकर निघालो.

आणि मग ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो भेटला. एका कुंडाच्या तळाशी एक ओंडका पडला होता. चार फुटांचा, काळपट, मोठ्या खवल्यांचा. शेजारी एका लहान मुलाने आईला विचारले, हा जिवंत आहे का? आईने फलक वाचला. तो ऑस्ट्रेलियाचा फुफ्फुसमासा होता, नाव ‘ग्रँडडॅड’, म्हणजे आजोबा. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी सिडनीहून बोटीने आणि मग आगगाडीने आलेला. त्याच्या सोबत एक जोडीदारही आला होता. आला तेव्हाच तो प्रौढ होता.

या माशाचे घराणे फार जुने. दात आधी अश्मरूपात सापडले आणि ते कुळ केव्हाच संपले असे विद्वानांनी ठरवून टाकले. १८७० मध्ये सिडनीच्या संग्रहालयातील गेरार्ड क्रेफ्टने क्वीन्सलंडच्या नदीतला मासा पाहिला आणि त्या दातांची ओळख पटवली. त्याला कल्ले आहेत आणि एक फुफ्फुसही. चार पायांच्या सर्व प्राण्यांना, म्हणजे आम्हांला आणि आमच्या आजीला, आज जिवंत असलेल्या माशांत सर्वांत जवळचे तेच. हे वाचून झाल्यावर कालवणाचे विनोद सुचेनासे झाले.

आम्ही तिथे पाऊण तास उभे राहिलो. हिशेब केला: पंचाहत्तर वर्षे. तो आला तेव्हा मंदी होती. मग युद्ध झाले, आमचा देश स्वतंत्र झाला, तारापोरवाला उघडले, आम्ही जन्मलो. इतकी वर्षे हा बंदिवानच. त्याला ते कळत होते का? मत्स्यालयाच्या बाजूने एवढे म्हणता येते की नदीत तो इतका जगला असता असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. विरुद्ध बाजूने म्हणायचे तर, त्याला कोणी विचारले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही.

तेवढ्यात ओंडका हलला. सावकाश वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली जाऊन पडला. मुलगा ओरडला. आई म्हणाली, पाहिलेस, जिवंत आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत, प्रकृती खालावल्यामुळे, त्याला शांतपणे मरण देण्यात आले. चौऱ्याऐंशी वर्षांत दहा कोटींहून अधिक लोक त्याच्यासमोरून गेल्याचा मत्स्यालयाचा अंदाज होता. तारापोरवाला २०२० च्या मार्चमध्ये महामारीत बंद झाले. त्या दिवशी बाहेर पडल्यावर आम्ही सरोवराकाठी हातमोजा काढून बोट पाण्यात बुडवले आणि जिभेला लावले. यजमानांनी चमत्कारिक नजरेने पाहिले. पाणी गोडेच होते.