कमला, कमल आणि परळची प्रयोगशाळा

इतिहासाच्या तासाला आम्ही शिक्षक मुलांना राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावतो, आणि विज्ञानाचा इतिहास शिकवताना शोधांच्या. अमुक साली अमक्याने तमुक शोध लावला, की धडा संपला. शोध लावणारा माणूस पंचविशीत कोठे होता, त्याला बसायला टेबल कोणी दिले, त्याच्या जेवणाखाण्याची सोय कशी झाली, पहिला प्रयोग फसला तेव्हा त्याला घालवून न देता कोणी ठेवून घेतले, हे प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतात. एम.ए.ला इतिहास हाच विषय असल्यामुळे असेल कदाचित, मला हल्ली तेच प्रश्न अधिक मोलाचे वाटू लागले आहेत.

वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनाच्या बाबतीत तर ते विशेषच खरे आहे. कवीला एक वही पुरते, गणितज्ञाला फळा. परंतु कर्करोगावर किंवा कुष्ठरोगावर काम करू इच्छिणाऱ्या तरुणाला उंदीर लागतात, काचसामान लागते, रुग्णालयाशी संबंध लागतो आणि मुख्य म्हणजे आठदहा वर्षांची निश्चिंती लागते. यातले काहीही तो स्वतःच्या खिशातून उभे करू शकत नाही. म्हणून या क्षेत्रातील पहिली वर्षे नेहमीच दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतात. तो हात कसा असावा आणि कसा असू नये, हे सांगणाऱ्या दोन मराठी स्त्रियांच्या कहाण्या आज वाचकांपुढे ठेवायच्या आहेत.

पहिली कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म इंदूरचा. दुर्गाबाई भागवत यांची ही बहीण, म्हणजे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या त्या निर्भय अध्यक्षांची. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’चे, अगदी सुरुवातीचे विद्यार्थी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. घरच्या वाटेनेच जायचे होते, पण दार लागले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन, आणि मुलीला प्रवेश द्यायला त्यांची तयारी नव्हती. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. नकाराचे कारण काय, हे त्या समोर उभ्या राहून विचारत राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे, आणि प्रयोगशाळेतील पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये.

वर्षभरात त्यांच्या कामानेच रामन यांचे मन वळले, त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम.एस्‌सी. पूर्ण केली. पुढे मुंबई विद्यापीठाच्या फेलोशिपवर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डॉ. डेरिक रिख्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली, त्यांच्यानंतर रॉबिन हिल यांनी. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनक्रियेशी निगडित द्रव्य असते, हे त्यांना आढळले. जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. पाने मोजून प्रबंधाचे वजन ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची आहारसंशोधन प्रयोगशाळा आणि १९४९ पासून मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गरिबांच्या अन्नाचाच अभ्यास केला: कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा. नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना उपकारक ठरते, हे त्यांनी दाखवले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. मराठीत ‘आहार-गाथा’ लिहून हे ज्ञान त्यांनी घराघरांत नेले. एवढे होऊनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळावे लागले. आयुष्याच्या उतरणीवर, १९९७ मध्ये, भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेने केलेल्या सत्काराच्या वेळी त्यांनी बंगळूरचा तो अनुभव बोलून दाखवला. चौसष्ट वर्षांनंतरही तो सल गेला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

दुसरी कहाणी कमल समर्थ यांची, म्हणजेच डॉ. कमल रणदिवे यांची. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि कृषी महाविद्यालय अशी त्यांची वाटचाल. १९४३ ची त्यांची एम.एस्‌सी. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर होती. सीताफळाचा अभ्यास केलेल्या विवाहित मुलीला कर्करोगाच्या संशोधनात कोण घेणार? घेणारा माणूस परळला होता.

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. रोगाने ऊतींत काय बदल घडवले, हे पाहणारे शास्त्र ते विकृतिशास्त्र. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची धुरा त्यांच्याकडे आली. आपल्या लोकांच्या सवयी आणि त्यांचे कर्करोग यांचा संबंध शोधणारा हा माणूस. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने होणारा त्वचेचा कर्करोग आणि पेटता चुट्टा तोंडात उलटा धरून ओढल्याने टाळूला होणारा कर्करोग यांची नोंद त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे ठेवली. परदेशातील प्रश्नांची नक्कल न करता दारातला प्रश्न उचलायचा, हे त्यांचे वळण त्यांच्या शिष्यांनाही लागले.

कमलबाईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पदवी मिळाल्यावर शिष्याचे पुढे काय, हा प्रश्न अनेक गुरूंना पडतच नाही. खानोलकरांच्या या शिष्येच्या बाबतीत मात्र पुढची पायरी घडली. त्या फेलोशिपवर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रात, पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र ज्यांच्या हातात होते ते हे गृहस्थ. ‘हेला’ नावाच्या प्रसिद्ध पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. ते तंत्र शिकून कमलबाई परत आल्या. आणि परत आल्यावर (येथे मी वाचकांना क्षणभर थांबायची विनंती करतो) त्यांना कोणाच्या तरी हाताखाली पुन्हा परीक्षानळ्या धुवायला बसवले गेले नाही. १९५२ मध्ये खानोलकरांच्या संचालकत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि तेथे त्यांनी भारतातील ऊतीसंवर्धनाच्या पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक उभारली. शिकून आलेली विद्या वापरायला जागा मिळाली.

अशा त्या एकट्याच नव्हत्या. सत्यवती शिरसाट या खानोलकरांच्या दुसऱ्या शिष्या. त्यांनी त्याच केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग उभा केला. १९५८ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ऊतींपासून मिळालेल्या जंतूच्या संवर्धनावर एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर तीन नावे आहेत: बापट, रणदिवे, खानोलकर. संचालकाचे नाव शेवटी! पुढे याच जंतूपासून कुष्ठरोगावरील लस तयार झाली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या कमल रणदिवे.

दोन्ही स्त्रियांची बुद्धी तोलामोलाची होती, कष्टही. कमलाबाईंची किती शक्ती दार उघडण्यात खर्च झाली, आणि कमलबाईंची किती शक्ती थेट कामात गेली, एवढाच मला दिसणारा फरक. जिद्दीच्या कथा सांगायला आपल्याला आवडतात. पण ज्या व्यवस्थेत पुढे जायला जिद्दच लागते, ती व्यवस्था जिद्द नसलेल्या, परंतु बुद्धिमान असलेल्या कितीतरी मुलामुलींना मुकते. त्यांची नावे इतिहासात येत नाहीत, म्हणून ते नुकसान मोजताही येत नाही.

ज्याला मिळाले त्याने पुढे दिले, हा या कहाणीचा उत्तरार्ध. १९७३ मध्ये कमलबाईंनी सहकारी स्त्रियांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशीला तिचे केंद्र आहे. तेथे केवळ व्याख्याने होत नाहीत; नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघरही आहे. संशोधनाला पाळणाघराचा काय संबंध, असे विचारणाऱ्याने तिशीतल्या एखाद्या संशोधिकेला विचारून पाहावे. पूर्वी हातात आलेला तोच धागा त्यांनी असा विणला, असे मला वाटते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या गेल्या.

हे सारे मी बेळगावकडे बसून का लिहितो आहे? आमच्या शाळेतून गेलेली मुले धारवाडला, कोल्हापूरला, पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायन घेतात. मग पालक माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, आणखी पाच वर्षे शिकून पुढे काय?” प्रश्न खोटा नाही. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. पण अशा वाढीसाठी देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना आधी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये रस्त्यावर यावे लागले होते. पैसे वेळेवर न मिळण्याची तक्रार आजही ऐकू येते. आणि पीएच.डी.नंतर जागा कोठे, याचे उत्तर बहुतेकांना कोणी देत नाही.

तरीही मी त्या पालकांना नाउमेद करत नाही. मोठे संशोधन मुंबईबंगळुरातच होते असे नाही, हे आपल्या जिल्ह्याने दाखवले आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने माता दगावतात. तो रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी बेळगावच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर झाली. गोळ्या देणाऱ्या होत्या खेड्यातल्या परिचारिका. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ते औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्याच गावांतील उपकेंद्रांतून हे घडले!

म्हणून माझे मागणे फार नाही. तरुण संशोधकाला वेळेवर फेलोशिप मिळावी, त्याच्या निबंधावर त्याचे नाव आधी यावे, शिकून आल्यावर त्याला स्वतःचे टेबल मिळावे आणि त्याच्या घरच्या माणसांनी त्याला “अजून शिकतोच आहेस का?” असे विचारणे थांबवावे. पहिल्या तीन गोष्टी सरकारच्या आणि संस्थांच्या हातात आहेत. चौथी आपल्या हातात आहे, आणि ती याच दिवाळीत, फराळाच्या ताटावर करता येईल.