गणवेश उतरल्यावर : माजी सैनिक, सभागृह आणि पक्षापलीकडचं सहकार्य

(खापर, ता. अक्कलकुवा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाआधी चहा घेताना एका माजी सैनिकाने मला गाठलं. म्हणाले, "सर, गावातले दोन्ही गट माझ्या मागे लागलेत. म्हणतात, तुम्ही फौजी माणूस, सरपंचपदाला उभे राहा, गाव एक होईल. खरंच होईल का हो?" मी म्हटलं, भाषणात सांगतो. म्हणजे आता सुटका नाही!

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे प्रश्न आला की आधी तो सोडवून बघायची खोड आहे. या प्रश्नात दोन गृहीतकं लपलेली आहेत. एक, फौजेत राहिलेला माणूस आपोआप पक्षाच्या वर उठतो. दोन, असा माणूस खुर्चीवर बसला की भांडणारे लोकही एकत्र येतात. प्लेटोला हे पटलं असतं. त्याने आदर्श राज्याचे शासक रक्षकांच्या वर्गातूनच निवडले होते. पण प्लेटोच्या राज्यात निवडणूक नव्हती, आपल्याकडे आहे. म्हणून इतिहासालाच विचारू या.

सुरुवात आपल्या खान्देशातून करतो. १८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने इथे भिल्ल कोअर उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं. ज्या डोंगरांतल्या माणसांना सरकार बंडखोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती सरकारने बंदूक दिली आणि त्याच डोंगरांत बंदोबस्ताला पाठवलं. त्या शिपायाला गणवेश मिळाला, पगार मिळाला, पण राज्यकारभारात आवाज मिळाला नाही. शस्त्र हाती असणं आणि सत्तेत वाटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा आपल्याच मातीतला.

दुसरा धडा कोकणातला. गोपाळबाबा वलंगकर लष्करात नोकरी करून १८८६ साली निवृत्त झाले. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारावलेला हा माणूस. अस्पृश्यतेवर त्यांनी लेखणी उचलली आणि महारांची फौजेतली भरती बंद होऊ लागली तेव्हा सरकारकडे दाद मागणारा अर्जही तयार केला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. लक्षात घ्या, ही नेमणूक होती, निवडणूक नव्हे. तरीसुद्धा बोर्डातल्या उच्चवर्णीय सभासदांना ते शेजारी बसणं रुचलं नाही. पलटणीत खांद्याला खांदा लावून उभं राहिलेल्या माणसाशेजारी बोर्डात खुर्ची टाकून बसायला लोक तयार नव्हते. म्हणजे छावणीतली बरोबरी सभागृहात आपोआप येत नाही. ती तिथे पुन्हा नव्याने मिळवावी लागते.

आता स्वातंत्र्याच्या काळाकडे या. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले सँडहर्स्टहून शिकून आलेले मराठा पलटणीचे अधिकारी. सिंगापूर पडल्यावर ते आझाद हिंद सेनेत गेले, नेताजींच्या हंगामी सरकारात त्यांना स्थान होतं. १९४५-४६ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले तेव्हा देशात एक दुर्मीळ गोष्ट घडली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, पण या खटल्यांच्या विरोधात दोघांचेही लोक रस्त्यावर आले. कैद्याचा धर्म कोणता, पक्ष कोणता, हे काही दिवस तरी कुणी विचारलं नाही.

पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेत भोसले रत्नागिरी भागातून काँग्रेसतर्फे निवडून आले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने उघड्यावर पडलेल्या लाखो माणसांचं हे खातं. दिल्लीत निर्वासितांच्या मुलांची अवस्था पाहून त्यांनी १९५४ मध्ये 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीतं असं तिचं स्वरूप होतं. योजना वाढली आणि पुढे दुसऱ्या शारीरिक शिक्षण कार्यक्रमात विलीन झाली. सेनापती म्हणून शिकलेली गोष्ट त्यांनी आईबाप गमावलेल्या पोरांसाठी वापरली, याचं मला मोल वाटतं.

पण आझाद हिंद सेनेतले बाकीचे कुठे गेले तेही बघा. शाहनवाज खान काँग्रेसमधून मेरठचे खासदार झाले. कॅप्टन लक्ष्मी सहगल मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेल्या, राज्यसभेत बसल्या आणि २००२ मध्ये डाव्यांच्या वतीने डॉ. अब्दुल कलामांविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढल्या. एकाच झेंड्याखाली लढलेली माणसं वेगवेगळ्या पक्षांत गेली, आणि त्यात गैर काही नाही. मरण सारखं पाहिलं म्हणून मत सारखं होत नाही. तेव्हा फौजी आला की मतभेद संपतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग पक्षापलीकडचं सहकार्य होतं कधी? १९६२ आठवा. इथे जमलेल्या माझ्या वयाच्या लोकांना ते दिवस आठवत असतील, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले होते. १४ नोव्हेंबरला लोकसभेने उभं राहून एकमताने ठराव केला. कृष्ण मेनन गेले आणि आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ते काही सैनिक नव्हते. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध लोकसभेवर गेले. विरोधकांनी मैदान मोकळं सोडलं. आणि गंमत बघा, त्याच १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच लोकसभेत आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध देशाच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चर्चा झाली, पराभवाचा जाब विचारला गेला. नऊ महिन्यांपूर्वी एकमताने उभं राहिलेलं सभागृह आणि जाब विचारणारं सभागृह एकच होतं. दोन्ही देशासाठीच होतं. सहकार्य म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे.

उलटं उदाहरणही याच काळातलं आहे. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी १९५९ सालीच ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना वर पाठवली होती. वरच्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. जाणकार बोलतो, पण ऐकणारं सभागृह नसेल तर बोलणं वाया जातं.

थोडं परदेशात जाऊ. एप्रिल १९४५, इटली. ९ तारखेला सेनिओ नदीवर आपल्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना उचलून आणलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात त्याच इटलीत बॉब डोल आणि डॅनियल इनोये हे दोन तरुण अमेरिकन अधिकारी जबर जखमी झाले. डोल यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला, इनोये यांचा उजवा हात गेला. मिशिगनमधल्या एकाच लष्करी इस्पितळात दोघं बरे होत होते. फिलिप हार्ट नावाचा तिसरा जखमीही तिथेच होता. पुढे तिघंही सिनेटर झाले, डोल रिपब्लिकन, बाकीचे दोघं डेमोक्रॅट. आज त्या इमारतीला तिघांचं एकत्र नाव आहे.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती डोल आणि जॉर्ज मॅकगव्हर्न यांची जोडी. मॅकगव्हर्न इटलीतूनच बॉम्बर विमान उडवायचे. १९७२ मध्ये ते डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि डोल तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष, म्हणजे समोरासमोरचे शत्रू. तरी गरिबांना अन्न मिळावं या एका कामावर दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहिले. गरीब देशांतल्या मुलांना शाळेत जेवण देणारा एक अमेरिकन कार्यक्रम आज या दोघांच्या नावाने चालतो. शाळेतल्या खिचडीचं मोल आपल्या सातपुड्यातल्या माणसाला मी काय सांगू! दोघांची मतं बदलली नाहीत, पक्ष बदलले नाहीत. भूक पक्षाची नसते एवढंच त्यांना उमगलं होतं.

पक्ष बदलले नाहीत, यावर मी मुद्दाम जोर देतो. आपल्याकडे हा घोटाळा फार होतो. पुण्याचे सुरेश कळमाडी हवाई दलातून राजकारणात आले. अनेक वर्षं काँग्रेसमध्ये असलेले कळमाडी १९९८ मध्ये शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर अपक्ष लढले, हरले आणि पुढे पुन्हा काँग्रेसचे खासदार झाले. याला कुणी पक्षापलीकडे जाणं म्हणेल. मी म्हणणार नाही. कुंपण ओलांडून पलीकडे राहायला जाणं वेगळं आणि कुंपणावरून हात पुढे करून शेजाऱ्याबरोबर विहीर खोदणं वेगळं.

विहीर कशी खोदतात? अलीकडची दोन उदाहरणं देतो. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' ही माजी सैनिकांची जुनी मागणी. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये तिच्या बाजूने अहवाल दिला. अध्यक्ष होते भाजपचे भगतसिंह कोश्यारी, सरकार होतं काँग्रेसचं, समितीत अनेक पक्षांचे सभासद. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका सरकारने घोषणा केली, नोव्हेंबर २०१५ मध्ये दुसऱ्याने आदेश काढला. सगळे समाधानी झाले असं नाही, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण काम पुढे सरकलं.

दुसरं मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचं. भाजपचे खासदार, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष. मार्च २०१८ मध्ये या सर्वपक्षीय समितीने आपल्याच सरकारला सांगितलं की लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट झालेली आहे. त्याच वर्षी समितीची फेररचना झाली आणि अध्यक्षपद दुसऱ्यांकडे गेलं. मला त्यांच्यात सैनिक दिसतो तो इथे, मिशीत आणि पदकांत नाही. आघाडीवरच्या शिपायाच्या हातात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कागदावर येऊ दिलं.

या दोन्ही ठिकाणी काम झालं ते समितीच्या खोलीत, जिथे कॅमेरा नसतो, टाळ्या नसतात, पण समोर कागद असतो आणि उत्तर द्यावं लागतं.

आता त्या माजी सैनिकाच्या प्रश्नाचं उत्तर. दादा, उभे राहा. पण गाव एक करीन असं सांगून राहू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि लोकशाहीत ते व्हायलाही नको. ग्रामसभेत सुभेदार नसतो, तिथे हुकूम चालत नाही. फौजेतून शिस्त आणा, पण ती स्वतःसाठी आणा : सभा वेळेवर, हिशोब भिंतीवर. आणि फौजेतली दुसरी गोष्ट आणा, ती शिस्तीहून मोठी आहे. जखमी माणसाला उचलताना तो कुठल्या गटाचा हे तुम्ही विचारलं नव्हतं. पाणी, रस्ता, दवाखाना या कामांत ते विचारू नका. विरोधी गटाचा सदस्य प्रश्न विचारील तेव्हा तो शत्रू नाही हे लक्षात असू द्या. कृपलानी शत्रू नव्हते.

हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. चार वर्षं सेवा, आणि त्यानंतर चारांपैकी जास्तीत जास्त एक कायम. म्हणजे विशीतले माजी सैनिक आता गावोगावी परतणार. ग्रामपंचायत लढवायला वय लागतं एकवीस. या पोरांना कोणी झेंडा धरायला बोलावील, कोणी गर्दीत पुढे उभं करील. त्यांना मिरवणुकीत न्यायचं की समितीच्या खोलीत बसवायचं, हे ती पोरं ठरवणार नाहीत. खुर्च्यांवर बसलेले तुम्ही आणि आम्ही ठरवणार आहोत.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. अडचणीचे आधी.