नकार म्हणजे अडाणीपणा नव्हे

सुशिक्षितांत सध्या एक मत फार निर्धास्तपणे वावरते. जो स्मार्टफोन घेत नाही, यूपीआय वापरत नाही, व्हॉट्सॲपवर सापडत नाही, तो एकतर अडाणी, नाहीतर भित्रा, नाहीतर हटवादी. हे मत इतके सर्वमान्य झाले आहे, की ते कोणी तपासूनच पाहत नाही. म्हणून हा प्रपंच.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. २०१६ साली आलेल्या यूपीआयने भाजीवालीची सुट्ट्या पैशांची कटकट मिटवली, गावी पैसे पाठवणाऱ्या मजुराची बँकेतली रांग वाचवली. एवढी सोय ज्याला नको, त्याला ती जमत नसणार. शिवाय त्याच्या वागण्यात मेळ नाही: वीज चालते, रेल्वे चालते, मग फोननेच काय घोडे मारले? आणि त्याच्या हट्टाचा भार घरच्यांवर पडतो. तिकीट भाच्याने काढायचे, वीजबिल सुनेने भरायचे. तिन्ही आक्षेप वजनदार आहेत. तिसरा तर चांगलाच बोचरा.

पहिल्याला एक उदाहरण पुरे. डोनाल्ड नूथ हे ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचे लेखक, १९७४ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. गणिती मजकूर नेटका छापता यावा म्हणून स्वतः संगणकप्रणाली लिहिणारा हा माणूस. सुमारे १५ वर्षे ईमेल वापरून झाल्यावर १ जानेवारी १९९० पासून त्यांनी तो सोडला. प्रदीर्घ अभ्यासाला लागणारी एकाग्रता त्यांना अधिक मोलाची वाटली. त्यांना संगणक कळत नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता मेळ नसल्याचा आरोप. ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांवर तुटून पडलेल्या गांधीजींनी पुढे १९२४ मध्ये सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद केले. विरोधकांना यात विसंगती दिसली. वस्तुतः तिथेच कसोटी होती: यंत्र माणसाच्या हाताला साहाय्य करते, की त्याचे हातच निकामी करते? अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाचे पारंपरिक लोकही असेच पारखून घेतात. टेलिफोन घरात घेत नाहीत. वाटेच्या कडेला खोपटे बांधून अनेक कुटुंबांत मिळून एक ठेवतात. मोटारीत बसतात, मोटार विकत घेत नाहीत. त्यांचे जगणे तुम्हाआम्हाला पटो वा न पटो, पण वस्तू दारात येण्याआधी समाज म्हणून तिचा विचार करणाऱ्यांना अविचारी कसे म्हणावे? सगळे घेणे किंवा सगळे टाकणे, एवढीच सुसंगती असेल तर ती दगडालाही साधते.

राहिला भार. पूर्वपक्ष इथे विचारील, की नूथ यांच्या दिमतीला सचिव होत्या. सामान्य माणसाने काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण तो नकार देणाऱ्याविरुद्ध जात नाही, खिडकी बंद करणाऱ्याविरुद्ध जातो. आजोबा कालपर्यंत वीजबिल स्वतः, रांगेत उभे राहून भरत होते. भरणा केंद्र उठले तेव्हा ते सुनेवर अवलंबून राहू लागले. त्यांना परावलंबी कोणी केले? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६ प्रमाणे नोट हे कायदेशीर चलन आहे, आणि ती पुढे करणाऱ्याला गल्ल्यावरचा मुलगा सांगतो, ‘काका, स्कॅन करा ना.’

उलट, अशा लोकांमुळे जुनी वाट वापरात राहते, आणि गरज पडली की तिच्यावरून सगळेच जातात. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय काही तास कोलमडले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्पेन-पोर्तुगालची वीज गेली, कार्डे निरुपयोगी ठरली, आणि खिशात रोकड असलेल्याचाच व्यवहार झाला. युरोपात कागदी नोट प्रथम काढली स्वीडनने, १६६१ मध्ये. रोकड जवळजवळ हद्दपार करण्यातही तोच देश आघाडीवर. आज तिथले सरकारच नागरिकांना आणीबाणीसाठी घरात रोख ठेवा म्हणून सांगते आहे.

आपल्याकडचे आकडेही पूर्वपक्षाला साथ देत नाहीत. नोटाबंदीच्या वेळी चलनात सुमारे १७.७ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर सुमारे ३४.८ लाख कोटींच्या नोटा होत्या. याच काळात यूपीआयच्या मासिक व्यवहारांची संख्याही हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणजे लोकांनी एक टाकून दुसरे घेतले नाही. दोन्ही जवळ ठेवले. हा अडाणीपणा की शहाणपणा? साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआयची वेगळी सोय काढावी लागली, हीदेखील स्मार्टफोन सर्वांकडे नाही याची सरकारी कबुलीच.

वाचकहो, निवाडा आपण करावा. आमची मागणी फार थोडी आहे. यूपीआय खुशाल वाढू द्या. पण तिकीटखिडकी, भरणा केंद्र आणि रोख घेणारा गल्ला उघडे ठेवा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘देखभाल शुल्क फक्त ऑनलाइन’ असा ठराव आला, तर त्याविरुद्ध हात वर करा.