पिंपरीची माती आणि आयुष्य वाढवणारी गोळी
मागच्या वेळी एक प्रश्न राहिला होता: आयुष्य वाढतं म्हणून काही जण रॅपामायसिन घेतात, पण त्यानं कोलेस्टेरॉल चढतं, हे खरं का? उत्तर आपण पिंपरीपासूनच शोधू.

हिंदुस्तान अँटिबायोटिक्स इथं 1954 मध्ये उभी राहिली, पुढच्या वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. पण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं ते हॅमायसिन. डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ते ज्या जिवाणूपासून मिळवलं, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! हे औषध बुरशीतल्या एर्गोस्टेरॉलला, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या भावंडालाच चिकटतं. 1968 च्या एका प्रयोगात ह्याच कुळातली औषधं कुत्र्यांना तोंडावाटे दिली, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं.

रॅपामायसिनचा जिवाणूही स्ट्रेप्टोमायसिसच, पण ईस्टर बेटाच्या मातीतला. औषध वेगळं काढलं ते माँट्रियलला, सुरेन सेहगल यांच्या चमूनं. 1999 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड रोपणासाठी त्याला मान्यता मिळाली. ह्या रुग्णांतच कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढलेले दिसले. 2009 मध्ये उंदरांचं आयुष्य वाढलं. माणसाचं वाढतं हे अजून सिद्ध नाही. लाभ उंदराचा, लिपिड मात्र आपलं!

मग स्टॅटिन जोडायचं? रोपणाच्या रुग्णांना देतात. पण सिम्वास्टॅटिन, अटोर्वास्टॅटिन आणि रॅपामायसिन यकृतात एकाच एन्झाइमच्या वाटेनं जातात, म्हणून स्नायू दुखतात का, हे बघावं लागतं. चाकणच्या रात्रपाळीतून येऊन अशी गोळी परस्पर मागवण्याआधी लिपिड प्रोफाइल करा, डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगा. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर तेही.