टिकलीखालचा पांढरा ठिपका

अंबडला आमच्या मावशीच्या करंड्यात मेणाची डबी असे. कपाळाला आधी मेण, त्यावर पिंजर. पुढे पाकिटातली चिकट टिकली आली आणि मेण मागं पडलं. सोय झाली खरी, पण काही वर्षांनी मावशीच्या कपाळावर नेमका टिकलीएवढाच पांढरा ठिपका उमटला. घरात कुजबुज सुरू झाली, ‘कोड तर नव्हे?’ तिच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं, त्यामुळे तर विचारूच नका.

असे ठिपके देशभर दिसत होते. तेव्हाच्या अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1990 साली टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या रसायनावर बोट ठेवलं.

या रसायनाचं कूळ जुनं आहे. 1939 साली अमेरिकेत कातडी कमावणाऱ्या कामगारांचे हात पांढरे पडल्याची नोंद झाली. दोष निघाला रबरी हातमोज्यांत. रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या जातीचं एक रसायन घातलेलं होतं. मोजे बदलून विषय संपायला हवा होता. पण रंग घालवणारी वस्तू सापडली म्हटल्यावर माणूस ती सोडतो होय? पुढे वांगावर तेच रसायन मलम म्हणून दिलं गेलं. मग मलम न लावलेल्या जागीही चट्टे उठू लागले.

होतं असं, की त्वचेतल्या रंगपेशी टायरोसिन या द्रव्यापासून रंग बनवतात. ही रसायनं घडणीनं त्याच्यासारखीच. पेशी फसते, त्यांच्यावर प्रक्रिया करते आणि त्यातून तयार झालेल्या विषानं स्वतःच मरते. जपानमध्ये ऱ्होडोडेंड्रॉल घातलेली उजळपणाची प्रसाधनं 2013 साली परत मागवावी लागली, तोवर हजारो बायकांच्या चेहऱ्यामानेवर पांढरे डाग पडले होते. गोरेपणाच्या प्रत्येक क्रीममध्ये असलं काही नसतं, हेही सांगायला हवं. पण सावळ्या मुलीला क्रीम आणून देणारं घर पांढऱ्या ठिपक्यानं घाबरतं, याला काय म्हणावं?

कोड संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, ‘श्वेतकुष्ठ’ या नावानं तो उगाच चिकटवला. टिकली वेळीच थांबवली तर काहींचा रंग हळूहळू भरून येतो; काहींचा डाग मात्र पसरतच जातो.

मावशीनं टिकली थांबवली नाही. ठिपका झाकायला तिनं पुढच्या आठवडी बाजारातून मोठ्या टिकल्यांचं पाकीट आणलं.