फ्रेमच्या मागे दुमडलेलं नाव

दिवाळीच्या साफसफाईत वहिनीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. मिरजेच्या घरातली, माळ्यावरून खाली काढलेली तसबीर. पांढऱ्या, आता चहाच्या रंगाच्या झालेल्या मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट, भोवती द्राक्षांची वेल, वर ‘सुस्वागतम्’. खाली मेसेज: ‘हॉलमध्ये व्हिंटेज कोपरा करतेय. आजीची ट्रंक रंगवून टेबल केलं, पितळी घंगाळात झाड लावलं. याचं कुशन कव्हर करू का? काच फुटलीच आहे. तुझा विषयच हा ना, सांग, कापू का?’

हो, माझा विषय हाच. मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांनी घर सजवायला हाताने काय काय केलं, कशापासून केलं आणि ते करायला त्या कुठे शिकल्या, यावर मी पीएच.डी. करतेय. (नातेवाइकांना हे सांगितलं की ‘यावर पीएच.डी. मिळते?’ हा प्रश्न ठरलेला. मिळेल अशी आशा आहे.) पण वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता येईना. तुमच्याही घरी असा पोपट, हंस किंवा फळांची करंडी असेल, म्हणून ते उत्तर शोधताना काय सापडलं ते इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे भिंत. घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये काहीतरी टांगलेलं असणं आपल्याला इतकं साहजिक वाटतं की ती फार जुनी रीत असेल असं आपण धरून चालतो. सामान्य घरांत तसं नव्हतं. सजावट व्हायची ती जमिनीवर, उंबऱ्यावर, दारावर आणि देवघरात: सारवण, रांगोळी, आंब्याचं तोरण. सणापुरती करायची आणि सणानंतर पुसली जाणारी. कायमची टांगायची तर टांगण्याजोगी स्वस्त वस्तू हवी, काच हवी, फ्रेम करून देणारा हवा. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली आणि रामपंचायतनाची, नाना फडणविसांची छापील रंगीत चित्रं लोकांना परवडू लागली. 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोचल्या त्या अशा.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बायकांनी ही चित्रं नुसती टांगली नाहीत, त्यांना कपडे चढवले. लक्ष्मीचा चेहरा, हात, पाय तसेच ठेवायचे. साडीच्या जागी खऱ्या कापडाचा तुकडा बेतून चिकटवायचा, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, आणि मग काच. अशी चित्रं आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. चित्रकार म्हणून रविवर्म्याचं नाव असतं, कपडे कोणी चढवले ते बहुधा लिहिलेलं नसतं. पण जवळून पाहिलं की कळतं, ही जर नवी आणलेली नाही. विरलेल्या शालूच्या पदराची आहे. म्हणजे छापखान्यातून निघालेल्या हजारो सारख्या लक्ष्म्यांपैकी एक, एका घरातल्या बाईने आपल्या जुन्या साडीची केली. जुनं घ्यायचं, नव्यावर लावायचं आणि हॉलमध्ये मांडायचं. वहिनी ट्रंकेला रंग देताना वेगळं काय करत होती?

इथे मी थोडी अडखळले. कारण माझा पहिला मेसेज ‘अजिबात कापू नकोस!!’ असा होता, दोन उद्गारचिन्हांसकट, आणि तो पाठवून झाला होता.

आता पोपटाकडे येऊ. फुलीच्या टाक्याचं हे काम चौकटी मोजून करतात. चित्र काढता यायला लागत नाही. आडवे किती, उभे किती, एवढं मोजता आलं की झालं. चौकटींवर रंगवलेले असे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये छापले जायला लागले आणि युरोपभर, अमेरिकेत पसरले. 1856 मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केल्यावर दोऱ्यांचे रंगही भडक झाले. फ्रान्समधल्या मुलूझच्या डीएमसी कंपनीच्या लड्या जगभर विकल्या जात होत्या, आणि तेरेझ द दिलमाँ या बाईंचा भरतकामाचा विश्वकोश 1886 मध्ये आला. पोपट त्या बर्लिनच्या नमुन्यांतही भरपूर आहेत. पण म्हणून आजीचा पोपट जर्मन ठरत नाही. पोपट आपल्या पैठणीवर आधीपासून आहेच. माझं म्हणणं इतकंच की पोपट कुठलाही असो, तो ज्या चौकटीत बसवला ती चौकट बाहेरून आली, आणि ती आली शाळेच्या वाटेने.

अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण असायचंच. युरोपात मुली कापडावर आधी अक्षरं, आकडे भरायच्या, शेवटी आपलं नाव आणि वय. तीच रीत इथे आली. पुढे 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली; रानडे, भांडारकर, मोडक यांच्यासारखी माणसं मागे होती. या शाळेच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’ने कडक टीका केली. मुलींना इतकं पुस्तकी शिक्षण, इंग्रजी कशाला, घराला उपयोगी पडेल ते शिकवा, असा तो सूर. या वादात शिवण-भरतकामाचं स्थान मजेशीर आहे. सनातनी आणि सुधारक दोघांनाही ते चालत होतं. एखाद्या आजोबांना नात शाळेत जायला नको असेल, तरी ती शिवण शिकते आहे म्हटल्यावर त्यांचा विरोध जरा मऊ व्हायचा. म्हणजे पोपटाच्या आडून बाराखडी घरात आली असं म्हणायचा मला मोह होतो. तसं म्हणणं थोडं जास्त होईल हेही मला माहीत आहे. माझ्या गाइडनी या वाक्यावर लाल रेघ मारली आहे, म्हणून ते प्रबंधाऐवजी इथे लिहितेय.

शिवण पोटापाण्याचंही साधन होतं. रमाबाई रानडे आणि देवधर यांच्या 1909 च्या पुणे सेवासदनात विधवा आणि गरजू बायका शिवण शिकायच्या आणि त्यावर मिळवायच्या. 1930 मध्ये किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक निघालं. छापील नमुने घरी यायला लागले की शाळा सुटलेल्या बाईलाही नवं काही करता यायचं, आणि शेजारीपाजारी तो अंक फिरायचा.

पण हे सगळं हौसेचं होतं असं मात्र समजू नका. रुखवत आठवा. रुखवत म्हणजे मुळात मुलीकडच्यांनी वराला पाठवायचे खाद्यपदार्थ. ते लाडू-चकल्या अजून तिथे असतातच. त्यांच्या शेजारी हळूहळू विणलेले रुमाल, मण्यांचे ससे, भरलेले टेबलक्लॉथ, सुपारीची सप्तपदी येऊन बसली, आणि पदार्थांचं प्रदर्शन मुलीच्या हातांचं प्रदर्शन झालं. मुलगी बघायला आलेले लोक ‘भरतकाम, विणकाम येतं का?’ हे विचारायचे, जसं आता नोकरी कुठे ते विचारतात. मी ज्या आज्यांशी बोलले त्यांतल्या एकीने मला स्वच्छ सांगितलं, ‘मला सुई हातात धरायचा कंटाळा. माझं सगळं रुखवत मावशीने केलं, पाहुण्यांना सांगितलं मीच केलं म्हणून.’ तिच्या हॉलमध्ये मावशीचा हंस अजून आहे. आपण ‘आजीच्या हातचं’ म्हणून हळवे होतो त्यातलं किती खरंच त्या आजीच्या हातचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

तर मी मिरजेला गेले. काकांच्या समोर, वर्तमानपत्र पसरून, फ्रेम उलटी केली. चार गंजलेले खिळे, खाली पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत एका दुकानाच्या कॅलेंडरचं पान: जून 1957. हे पान पाहून मला किती आनंद झाला ते काकांना कळेना. जूनचं पान फाडलं जाणार जून संपल्यावर, म्हणजे या कापडाला फ्रेम झाली ती बहुधा त्यानंतर. आजीचं लग्न 1952 चं. म्हणजे तिने, किंवा घरातल्या कोणीतरी, ती सासरी आल्यावर पाच वर्षांनी हे काम काचेत घालून घेतलं.

पुठ्ठा काढला तेव्हा कापडाचा खालचा चार बोटं भाग मागे दुमडलेला दिसला. उलगडला. ‘कु.’, त्यापुढे एक नाव, आडनाव, ‘इयत्ता 5 वी’.

ते नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. काकांनाही नाही. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, ते तुम्हाला माहीत आहे. आजीचं नाव तिथेच बदललं, आणि रेशनकार्डापासून श्राद्धापर्यंत तेच चाललं. शेवटी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, ‘अगं, मामा यायचे तेव्हा तिला त्याच नावानं हाक मारायचे. आम्हाला वाटायचं, लाडानं काहीतरी म्हणतात.’ (नाव इथे लिहीत नाही, काकांनी नको म्हटलं.)

तुम्हाला आता वाटेल की सासरच्यांनी माहेरचं नाव लपवलं. मलाही तेच वाटलं, आणि त्या रात्री प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण माझ्या डोक्यात तयार झालं. सकाळी उजेडात पुन्हा पाहिलं. खालची पट्टी वेगळ्या कापडाची आहे, वरच्या मॅटीला जोडलेली. आजी पाचवीत असताना, 1945 च्या आसपास, कापड सहज मिळत नव्हतं; 1943 पासून सरकारचं कापडावर नियंत्रण होतं. शाळेत नेलेला तुकडा पोपटात आणि ‘सुस्वागतम्’मध्ये संपला असणार आणि नावासाठी घरून दुसरी पट्टी जोडली असणार. पट्टी जाड आहे, जोड ओबडधोबड आहे. फ्रेमवाल्याने, किंवा खुद्द आजीने, तो जोड दिसू नये म्हणून मागे घेतला असेल. दोन्ही शक्य आहे. कॅलेंडरचं पान मला वर्ष सांगतं, हेतू सांगत नाही.

तुमच्याकडे अशी तसबीर असेल तर एवढं करा. उघडण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. मागचा कागद फेकू नका. कापड धुवायला तर अजिबात जाऊ नका, लाल आणि हिरवा हमखास फुटतात. आणि खालचा काठ दुमडलेला आहे का ते बघा.

कुशनचं काय झालं? कापू नकोस म्हणायचा हक्क मला कितपत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या बायकांचा मी अभ्यास करते त्यांनी सासूचे शालू फाडून लक्ष्मीला नेसवले आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांच्या हातात कात्री होती म्हणून तर माझ्याकडे विषय आहे. हे मी वहिनीला सांगितलं आणि ठरव म्हटलं. तिने ते नाव दोन-तीनदा वाचलं आणि कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. मग बाजारातून नवी मॅटी आणून चौकटी मोजायला बसली. कुशन त्याचं होणार आहे. मूळ कापड सध्या माझ्याकडे धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आहे. नवी फ्रेम करायची, पण नावाची पट्टी उघडी ठेवायची की आईने ठेवली तशी दुमडलेली, यावर काका आणि आत्या यांचं एकमत व्हायचं आहे.

काल रात्री वहिनीचा फोन आला. शेपटीपर्यंत पोचली होती. ‘तिसऱ्या ओळीतल्या चार फुल्या राखाडी आहेत का गं? पोपटाला राखाडी कशाला असेल?’ उजेडाने रंग उडतो तो पुढच्या बाजूचा. मी मलमल सोडली, कापड उलटं केलं आणि तिला सांगितलं, जांभळ्या.