दोन सॅक, २७ सेंट आणि बंद झालेला रस्ता

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात मी एका रांगेपासून करणार आहे.

गेल्या वर्षी मी आणि बायको, दोघांनी दोन आठवड्यांची सुट्टी टाकली आणि बँकॉक ते सिंगापूर जमिनीवरून गेलो. ट्रेन, बस, पाठीवर एकेक सॅक. वाटेत एका सीमेवर आमच्या पुढे जर्मन पासपोर्टवालं एक जोडपं होतं. शिक्का, शिक्का, चला पुढे. मग आमचा नंबर. परतीचं तिकीट दाखवा, हॉटेलचं बुकिंग दाखवा, बँकेत किती पैसे आहेत ते दाखवा. मी फोनवर स्टेटमेंट उघडतोय आणि नेटवर्क नुसतं गोल गोल फिरतंय. बायको हळूच म्हणाली, "आपण काही चोरी केलीय का रे?"

वीसेक मिनिटांनी सोडलं आम्हाला. पण प्रश्न डोक्यात राहिला. नवरा-बायकोने सॅक पाठीला लावून आशिया पालथा घालायचा, ही कल्पना आली कुठून? आणि ती नेमकी कोणासाठी होती?

हे शोधायला बसलं की एक जोडपं हमखास भेटतं. टोनी आणि मॉरीन व्हीलर.

टोनी इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलाच! आधी इंजिनिअरिंग, मग मोटार कंपनीत नोकरी, मग लंडनला एमबीए. मॉरीन बेलफास्टची. १९७० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या एका बाकावर दोघांची ओळख झाली आणि वर्षभरात लग्न. टोनीला फोर्डमध्ये नोकरी मिळत होती, ती त्याने वर्षभर पुढे ढकलून घेतली. प्लॅन साधा होता. एक वर्ष भटकून यायचं आणि मग निमूटपणे कामाला लागायचं.

जुलै १९७२. ६५ पौंडांत घेतलेली एक जुनी ऑस्टिन मिनीव्हॅन घेऊन दोघं लंडनहून निघाले. युरोप ओलांडून इस्तंबूलला आले. बॉस्फरसवरचा पूल तेव्हा व्हायचा होता, तो १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. त्यामुळे आशियात शिरायचं तर गाडी फेरीबोटीत चढवायची. विचार करा, बोटीतून उतरलं की समोर अख्खा आशिया!

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. हा रस्ता व्हीलर जोडप्याने शोधलेला नाही. १९५७ सालीच 'इंडियामॅन' नावाची बस लंडनहून थेट कोलकात्याला आली होती, तिकीट ८५ पौंड. १९७० पर्यंत तर या वाटेवर हिप्पी मंडळींची रीघ लागली होती. इस्तंबूलमध्ये सगळे जमायचे ते 'पुडिंग शॉप'मध्ये. तिथे भिंतीवर एक फळा होता. कोणाला सोबती हवाय, कोणाच्या गाडीत जागा आहे, कोणाला घरी निरोप पाठवायचाय, सगळं त्या फळ्यावर. त्या काळातला व्हॉट्सॲप ग्रुपच म्हणा ना. तेहरानमध्ये टायरच्या दुकानांच्या वर असलेलं अमीर कबीर हॉटेल, काबूलमध्ये चिकन स्ट्रीट, काठमांडूत फ्रीक स्ट्रीट. शहर बदलायचं, पण थांबे सगळ्यांना पाठ. आणि थंडीत यातले बरेच जण कुठे पोचायचे? आपल्या शेजारी, गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर.

व्हीलरांनी काबूलमध्ये गाडी विकून टाकली. पुढे बस, ट्रेन, मिळेल ते. पाकिस्तानातून ते भारतात आले तेव्हा १९७१ चं युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते, ते १९७६ मध्ये पुन्हा जुळले. म्हणजे लाहोरच्या माणसाला अमृतसर गाठणं महाकठीण, पण लंडनच्या जोडप्याला वाट होती! हे लक्षात ठेवा, मी परत येणार आहे याच्याकडे.

भारतानंतर एक अडचण होती. ब्रह्मदेशाने जमिनीवरच्या सीमा परक्यांसाठी बंद ठेवल्या होत्या. त्यामुळे लंडनपासून चाकांवर आलेल्या भल्याभल्यांना तिथे विमान पकडावंच लागायचं. बँकॉकहून व्हीलर पुन्हा रस्त्याला लागले, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया करत बालीला पोचले, आणि तिथून एका छोट्या शिडाच्या बोटीतून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. मग लिफ्ट मागत मागत सिडनी. २६ डिसेंबर १९७२ ला तिथे पोचले तेव्हा दोघांकडे मिळून शिल्लक होते २७ सेंट!

सिडनीत जो तो एकच विचारायचा, "कसं केलंत? किती खर्च आला?" शेवटी दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ९६ पानांचं पुस्तक तयार केलं, 'अक्रॉस एशिया ऑन द चीप'. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये १५०० प्रती छापल्या, किंमत १ डॉलर ८० सेंट. प्रकाशक म्हणून नाव टाकलं 'लोनली प्लॅनेट'. एका गाण्यातले 'लव्हली प्लॅनेट' हे शब्द टोनीने चुकीचे ऐकले होते, त्यातून हे नाव आलं. बग होता, फीचर झाला.

दुसऱ्या पुस्तकासाठी ते मोटरसायकलवरून आग्नेय आशियाभर फिरले आणि सिंगापूरच्या एका स्वस्त चिनी हॉटेलात बसून 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' लिहून काढलं. साल १९७५. गंमत बघा, याच सिंगापूरमध्ये तेव्हा सरकारी ऑफिसांत पाट्या होत्या की लांब केसांच्या पुरुषांचं काम शेवटी होईल. भटक्यांना नाक मुरडणाऱ्या शहरात भटक्यांची पोथी लिहिली गेली.

आणि या पोथ्यांनी शहरं बदलली. बँकॉकचा खाओ सान रस्ता घ्या. नावाचा अर्थच तांदूळ, जुनी तांदळाची पेठ ती. १९८२ मध्ये बँकॉकला २०० वर्षं झाली, पाहुणे लोटले, लोकांनी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मग गाइडबुकांत पत्ते आले, मग माणसं आली, मग आणखी खोल्या. आम्ही गेलो तेव्हा तिथे तांदळाचं एक दुकान दिसलं नाही मला.

पण व्हीलरांचा मूळ रस्ता? तो १९७९ मध्ये संपला. जानेवारीत इराणचा शाह देश सोडून गेला, डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. एका वर्षात मधला अख्खा तुकडा तुटला. ज्या काबूलमध्ये व्हीलरांनी गाडी विकली, ते शहर पुढची कित्येक दशकं फक्त युद्धाच्या बातम्यांत दिसलं.

आता मघाचा मुद्दा. त्याच १९७२ मध्ये पुण्या-मुंबईच्या एखाद्या जोडप्याला असं निघता आलं असतं का?

१९६७ पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट हा हक्कच नव्हता. सरकारची मर्जी असेल तर द्यायचं, नाहीतर नाही. त्या वर्षी सतवंत सिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मग पासपोर्ट कायदा आला. बरं, पासपोर्ट मिळाला, पण पैसे? परकीय चलनाची इतकी चणचण होती की रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागायचा. त्या पिढीतले लोक अजून सांगतात, "आठ डॉलर घेऊन निघालो होतो." आठ डॉलर! व्हीलर २७ सेंटवर पोचले, ही धाडसाची गोष्ट झाली. आपली माणसं आठ डॉलरवर निघायची, तो नुसता नियम होता.

म्हणून मला वाटतं, बॅकपॅकिंगचा इतिहास हा धाडसाचा जेवढा आहे, त्याहून जास्त तो सीमांचा आहे. व्हीलरांची हिंमत खरी, मेहनत खरी, यात वादच नाही. पण हिंमत आपल्याकडच्या तरुणांतही होतीच की! १९२३ साली मुंबईचे काही पारसी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते आणि त्यातल्या तिघांनी ती १९२८ मध्ये पूर्णही केली. फरक होता तो पासपोर्टचा, चलनाचा आणि कोणत्या वर्षी जन्माला आलो याचा.

आपलं वर्ष त्या मानाने बरं आहे. २०२३ च्या शेवटी थायलंड आणि मलेशियाने भारतीयांसाठी व्हिसा माफ केला, म्हणून तर आम्ही दोघं निघू शकलो. आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना फार हौस होती रे फिरायची. पासपोर्ट काढला होता त्यांनी. एक शिक्का नाही त्यावर."

परत आल्यावर तो पासपोर्ट मी कपाटातून शोधून काढला. खरंच कोरा आहे. आता माझ्या पासपोर्टशेजारीच ठेवलाय. पुढच्या वेळी सीमेवर कोणी वीस मिनिटं थांबवलं, तर थांबेन मी. निदान रांगेत तरी आहे.

तुमच्या घरात असा एखादा कोरा पासपोर्ट असेल, तर त्याची गोष्ट आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, फिरत राहा!